यंदा वरातीला चांदणी नाही

वरातीत आपण सगळे घोडीसमोर नाचतो. डीजेवर कुठलं गाणं वाजलं ते आठवतं, नवरदेवाचा फेटा आठवतो. पण घोडीचे पाय कुणी बघतं का? मीही कधी बघितले नव्हते. गेल्या फेब्रुवारीपर्यंत.

माझा मामा पूर्णेला राहतो. नांदेड, परभणी आणि अकोल्याकडून येणाऱ्या रेल्वेलाइनी जिथे भेटतात, तेच हे पूर्णा जंक्शन. मामाकडे एक पांढरी घोडी आहे, चांदणी. सहा वर्षांपूर्वी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली. लग्नसराईत ती वरातीला जाते आणि त्या कमाईवर मामाचं निम्मं वर्ष निघतं. यंदा अकरा सुपाऱ्या आल्या होत्या. (सुपारी म्हणजे बुकिंग. पिक्चरमधली नाही!)

एका रात्री चांदणीचं दावं सुटलं आणि तिने पडवीतल्या गव्हाच्या पोत्यात तोंड घातलं. सकाळी बघितलं तर पोतं बरंच खाली गेलेलं. मामा उलट हसला. ‘खाल्लं तर खाल्लं, सराईत कामाला येईल,’ म्हणाला. त्या दिवशी चांदणी एकदम ठीक होती. पाणी प्यायली, फिरली, खरारा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर. जसं काही जमिनीवर निखारे पसरलेत आणि तिला पुढचे पाय टेकवायचेच नाहीत.

‘कामून अशी उभी राहिली गं ही?’ मामा मलाच विचारत होता. मला काय कळणार? मी मास कॉमवाली. गल्लीतल्या जाणत्यांनी सांगितलं, ‘अंग धरलंय. जरा फिरव, मोकळी होईल.’ मामाने लगाम हातात घेतला. मी आपला व्हिडीओ काढला आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या मैत्रिणीला पाठवला.

दोन मिनिटांत तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही. ‘मामांना सांग, तिला एक पाऊलही चालवू नका. खुराला हात लावून बघ, गरम आहे का?’

गरम होता. मग तिने खुराच्या वर, सांध्याच्या मागच्या बाजूला बोटं ठेवायला सांगितली. तिथली नाडी बोटांना धडधड लागत होती. ‘लॅमिनायटिस वाटतोय,’ ती म्हणाली. ‘आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना बोलवा.’

खुराच्या आत काय होतं?

घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखं कठीण कवच. त्याच्या आत पायाचं शेवटचं हाड असतं. कवच आणि हाड यांना शेकडो बारीक पापुद्रे एकमेकांत गुंतून धरून ठेवतात. घोड्याचं चारशे-साडेचारशे किलोचं वजन या गुंतणीवर लटकलेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये तिलाच सूज येते. खूर कठीण, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नाही. मग दुखणं भयंकर. पकड सुटत गेली, तर हाड आत झुकतं किंवा खाली घसरतं. अगदी वाईट अवस्थेत ते तळवा फोडून बाहेर येतं.

पण गव्हाचा आणि पायाचा संबंध काय? एकदम खूप धान्य पोटात गेलं की ते नीट न पचता मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे आंबतं, चांगले जिवाणू मरतात, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि त्याचा फटका खुराला बसतो. हे व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणजे ज्या दिवशी चांदणी ‘एकदम ठीक’ होती, तोच खरा धावपळीचा दिवस होता. आम्ही तो हसण्यात घालवला. हे मला अजून टोचतं.

बर्फ, वाळू आणि थर्माकोल

रात्री डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, ‘औषध माझ्याकडे आहे, पण बर्फ तुम्हालाच आणावा लागेल.’ पुढचे दोन-तीन दिवस पाय सतत बर्फाच्या पाण्यात हवेत, तेही खुराच्या बरंच वरपर्यंत. अधूनमधून शेकल्यासारखं करून उपयोग नाही.

फेब्रुवारीत रसवंत्या सुरू झालेल्या असतात, ते आमचं नशीब. रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. मामाच्या पोरांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खालून बांधले, तेच झाले चांदणीचे बूट. दर दीड-दोन तासांनी नवा बर्फ. रात्री दोनची पाळी माझी. स्टेशनवरच्या गाड्यांच्या अनाउन्समेंट ऐकत मी गोणपाटात बर्फ फोडत बसायचे.

मामाच्या घराची वरची खोली बांधायची होती, त्यासाठी वाळू येऊन पडलेली. ती सगळी चांदणीखाली अंथरली, फूटभर जाड. मऊ वाळूत तिला हवा तसा पाय ठेवता येत होता आणि आडवं पडताही येत होतं. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल खुराच्या मापाने कापून तळव्याला पट्टीने बांधलं. चंदी पूर्ण बंद. नुसतं वाळलेलं गवत, तेही पाण्यात भिजवून, म्हणजे त्यातली साखर निघून जाते. मामाला हेच सगळ्यात जड गेलं. सहा वर्षं लाडाने तोबरा भरणारा माणूस, त्याला सांगायचं की आता उपाशी वाटली तरी धान्य द्यायचं नाही.

मी गुगल केलं आणि घाबरले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा सेक्रेटेरिएट घोडा. १९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिसमुळेच दयामरण द्यावं लागलं. २००६ चा केंटकी डर्बी विजेता बार्बारो. त्याचा मागचा पाय मोडला, त्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पण भार दुसऱ्या पायांवर गेला, तिथे लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी २००७ मध्ये तोही गेला. ज्यांच्याकडे पैसा आणि डॉक्टर दोन्ही होते, त्यांची ही गत. आमच्याकडे थर्माकोल होतं.

ती सुपारी

आठव्या दिवशी चांदणी जरा बरी दिसायला लागली. नेमकी दोन दिवसांनी पहिली वरात होती. पार्टीचा माणूस घरी आला. ‘कमानीपासून मंडपापर्यंतच तर जायचंय. दुखण्याचं इंजेक्शन द्या ना एक.’ जास्तीचे पैसेही देतो म्हणाला.

मामा बराच वेळ गप्प होता. घरात पैशाची गरज होती, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलंही आठवत होतं. इंजेक्शनने दुखणं कळेनासं होतं, सुटलेली पकड जुळत नाही. दुखत नाही म्हणून ती चालेल आणि उरलेलंही फाटेल.

मामा आत गेला आणि इसाराचे पैसे आणून त्याच्या हातात ठेवले. पुढच्या दहा जणांनाही फोन करून नाही सांगितलं. ते तीन-चार महिने त्याने एकाचा ऑटो भाड्याने चालवला.

महिन्याला एक सेंटिमीटरसुद्धा नाही

नंतर एक्स-रे निघाला. हाड थोडं झुकलं होतं, पण तळव्यापर्यंत गेलं नव्हतं. डॉक्टर आणि नालबंद दोघांनी मिळून एक्स-रे बघून खूर कापला, पुढचं टोक आखूड केलं. दर चार-पाच आठवड्यांनी हे चालूच आहे.

खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. पुढचा भाग वरून खालपर्यंत नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. चांदणीच्या खुरावर त्या आजाराची एक आडवी वळी उमटली आहे. आधी वर केसांजवळ होती. मामा दर महिन्याला तिच्याजवळ पट्टी धरून बघतो. आता ती निम्म्याच्या खाली आली आहे.

चांदणी पुन्हा वरातीत जाईल का? डॉक्टर म्हणतात, वळी खाली जाऊ द्या, मग एक्स-रे बघून बोलू. मामाने तुळशीच्या लग्नानंतरची एकही सुपारी घेतलेली नाही. परवा मी गेले तेव्हा चांदणी वाळूतून उठून स्वतः हौदापर्यंत चालत आली. दहा पावलं असतील. मामाने मला व्हिडीओ काढू दिला नाही. म्हणाला, ‘नुसतं बघ.’

तुमच्या ओळखीत कुणाकडे घोडा असेल तर हे सांगा

• घोड्याने धान्यावर ताव मारला असेल, तर लंगडायची वाट बघू नका. त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.
• खूर गरम, नाडी धडधडतेय, चालायला तयार नाही? फिरवू नका. मऊ जागेवर उभं करा.
• दुखण्याचं औषध मनाने देऊ नका. पोटाला आणि किडनीला अपाय होतो.
• फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.