घनीकृत टोमॅटो : करण, राशी आणि पथ्यविचार

टोमॅटो हे द्रव्य बृहत्त्रयीत नाही आणि प्राचीन निघंटूंतही नाही. मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. असे असूनही आज सातारा-सांगली परिसरातील एकही स्वयंपाकघर तिच्यावाचून चालत नाही. कराड-इस्लामपूरकडील अख्खा मसूर असो, रस्सा असो वा साधे सार, टोमॅटो सर्वत्र आहे. गेल्या काही वर्षांत ताज्या फळाच्या जोडीला प्युरी, पेस्ट आणि केचप ही त्याची आटवलेली रूपेही घरोघरी पोहोचली आहेत. रुग्णाला पथ्य सांगताना मात्र आपण अजूनही ‘टोमॅटो वर्ज्य’ किंवा ‘टोमॅटो चालेल’ एवढेच लिहितो. रुग्ण कोशिंबिरीतील फोडी सोडतो आणि भेळेवर केचप घेतच राहतो. ही रूपे परस्परांहून किती भिन्न आहेत आणि चिकित्सकाने त्यांचा विचार कसा करावा, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

अनुक्त द्रव्याचा विचार

जे द्रव्य शास्त्रात नावाने आलेले नाही, त्याचा विचार रस, गुण, वीर्य, विपाक यांच्या आधारे करावा, ही आपली परंपरा होय. वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो हा कंटकारी, बृहती, काकमाची आणि वृंताक यांच्याच कुळातील आहे. परंतु कुळ एक म्हणून गुण एक असे होत नाही. पिकलेल्या फळाचा रस अम्ल-मधुर आहे. अम्ल रसाच्या सामान्य कर्मांवरून ते रुचिकर, दीपन आणि वातानुलोमक मानता येते; अतियोगाने ते पित्त व रक्त दूषित करील, असेही अनुमान निघते. सर्वच अम्ल द्रव्ये पित्तकर नसतात; दाडिम आणि आमलकी हे अपवाद शास्त्रानेच सांगितले आहेत. टोमॅटोला त्या पंक्तीत बसविण्याइतका आधार आज आपल्यापाशी नाही. म्हणून त्यास सामान्य नियमानेच तोलणे युक्त ठरते.

करण : आटविल्याने काय घडते?

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. घनीकृत टोमॅटोच्या बाबतीत यांपैकी करण आणि राशी ही दोन विशेष महत्त्वाची आहेत.

करण म्हणजे संस्कार. संस्काराने द्रव्याचे गुण बदलतात, हे आपल्या भागातील वैद्यास वेगळे सांगावयास नको. उसाचा रस, काकवी, गूळ, खांड आणि साखर ही एकाच द्रव्याची रूपे होत. तरीही ग्रंथकारांनी इक्षुवर्गात इक्षुरस, फाणित, गूळ आणि शर्करा यांचे गुण स्वतंत्र वर्णिले. ‘ऊस पथ्यकर’ असे एकच वाक्य लिहून ते थांबले नाहीत. तासगावच्या बेदाण्याचेही तसेच. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो, आणि त्याचे गुरुत्व व माधुर्य ओल्या द्राक्षाहून निराळे असते. हीच दृष्टी टोमॅटोला लावली पाहिजे.

ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते. विद्राव्य घनद्रव्य ४ ते ५ टक्के, म्हणजे द्राक्षबागेत किंवा साखर कारखान्यात ज्यास ब्रिक्स म्हणतात ते ४ ते ५. साल व बिया गाळून हा रस आटविला की प्रथम प्युरी आणि पुढे पेस्ट तयार होते. २०११ च्या भारतीय अन्न-मानकांनुसार प्युरीत किमान ९ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के विद्राव्य घनद्रव्य असावयास हवे. केचपचाही किमान आकडा २५ टक्केच आहे. परंतु त्यातील बराच भाग साखरेचा आणि मिठाचा असतो. म्हणून दाटपणा सारखा दिसला तरी पेस्ट आणि केचप ही एक द्रव्ये नव्हेत.

राशी : एका चमच्यात किती टोमॅटो?

हिशोब सोपा आहे. २५ टक्क्यांची १५ ग्रॅम पेस्ट, म्हणजे एक टेबलचमचा, ही सुमारे ७५ ग्रॅम टोमॅटोइतकी होते. एक मध्यम फळच म्हणा ना. दीडशे ग्रॅमची वाटी भरून पेस्ट चार माणसांच्या भाजीत पडली, तर पाऊण किलो टोमॅटो पडल्यासारखे झाले. एवढे टोमॅटो चिरून घालताना गृहिणीचा हात थबकला असता. पेस्ट ओतताना तो थबकत नाही.

१०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत पोटॅशियम सुमारे २४० मिलिग्रॅम असते, तर मीठविरहित पेस्टमध्ये ते १००० मिलिग्रॅमच्या घरात जाते. लायकोपीन हे तांबडे रंगद्रव्य ताज्या फळात सुमारे २.५ ते ३ मिलिग्रॅम, तर पेस्टमध्ये सुमारे २८ मिलिग्रॅम असते. क जीवनसत्त्व मात्र या प्रमाणात वाढत नाही, कारण उष्णतेने त्याचा काही अंश नष्ट होतो. केचपमध्ये १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅमहून अधिक साखर आणि ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. थोडक्यात, आटविल्याने हितकर अंश वाढतो तसा अहितकर होऊ शकणारा अंशही वाढतो.

संयोग : स्नेह आणि दूध

लायकोपीन हे स्नेहात विरघळणारे द्रव्य आहे. पेशींत अडकलेले हे रंगद्रव्य शिजविल्याने मोकळे होते आणि तेल-तुपाच्या संगतीत आतड्यांतून अधिक शोषले जाते. ताज्या टोमॅटोपेक्षा पेस्टमधील लायकोपीन शरीरास अधिक उपलब्ध होते, असे जर्मनीतील गार्टनर, श्टाल आणि झीस या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. फोडणीत टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने योग्यच ठरते.

याच्या उलट बाजू म्हणजे विरुद्ध संयोग. अम्ल फळांशी दुधाचा संयोग शास्त्राने विरुद्ध म्हटला आहे. हॉटेलांतील साय-मलई घातलेले टोमॅटो सूप आणि दाट लाल-पांढऱ्या ग्रेव्ही यांत हा संयोग, तोही घनीकृत रूपात, नित्य घडतो. त्वग्विकाराच्या रुग्णास आहार विचारताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

आधुनिक संशोधनाची मर्यादा

हार्वर्डच्या संशोधकांनी १९९५ साली सुमारे ४७,००० पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. टोमॅटोचे पदार्थ अधिक खाणाऱ्यांत पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. यावरून पुष्कळ जाहिराती झाल्या. परंतु हा निरीक्षणात्मक संबंध होता, चिकित्सेचा पुरावा नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली सर्व पुरावा तपासून टोमॅटोविषयीचा आधार अत्यंत मर्यादित व प्राथमिक ठरविला आणि लायकोपीनच्या नावाने दावा करण्यास अनुमती नाकारली. टोमॅटोच्या जलविद्राव्य घनसाराचा बिंबाणूंच्या एकत्रीकरणावर परिणाम होतो, हे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली मान्य केले. तथापि तो विशिष्ट पद्धतीने बनविलेला घनसार आहे, बाजारातील पेस्ट नव्हे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने असा घनसार स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढा बोध आपण घ्यावा.

कोणास द्यावे, कोणास वर्ज्य करावे?

अरुची, मंदाग्नी व वातप्रधान अवस्थेत, पित्ताचा प्रकोप नसल्यास, फोडणी दिलेले पातळ सार जिरे, आले व सैंधवासह अल्प मात्रेत द्यावे. त्यासाठी एका माणसास एक चमचा पेस्ट पुरेशी होते.

अम्लपित्त, रक्तपित्त, मुखपाक आणि पित्तप्रधान त्वग्विकार यांत घनीकृत रूपे वर्ज्य करावीत. अशा रुग्णास ताज्या फळाच्या चार फोडी कदाचित बाधणार नाहीत, पण पेस्टची ग्रेव्ही बाधेल.

वृक्कविकाराच्या रुग्णाबाबत विशेष सावध राहावे. ज्याचे पोटॅशियम वाढलेले आहे, अथवा जो स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढविणारी औषधे घेत आहे, त्यास पेस्ट, प्युरी, सूप हे सर्व स्पष्ट शब्दांत बंद सांगावे. येथे चूक झाल्यास हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतू शकते. ‘भाजीत टोमॅटो कमी घाला’ ही सूचना अशा रुग्णास पुरेशी नाही.

मूत्राश्मरीच्या रुग्णास टोमॅटोच्या बियांची फार भीती असते. वस्तुतः टोमॅटोतील ऑक्झलेट पालकाच्या तुलनेत अगदी अल्प आहे. सरसकट बंदीस त्यामुळे आधार नाही. मात्र केचपमधील मीठ मूत्रातील कॅल्शियम वाढविते, म्हणून अश्मरीत फळापेक्षा बाटली अधिक विचारात घ्यावी. रक्तदाबाच्या रुग्णास त्यातील मीठ आणि प्रमेहाच्या रुग्णास त्यातील साखर वर्ज्य करण्याचे कारण होय.

घरी करावयाची पेस्ट

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत टोमॅटोचा भाव कोसळतो तेव्हा माल मातीमोल होतो, आणि जुलै २०२३ मध्ये तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्याचेही आपण पाहिले. स्वस्ताईत घरी पेस्ट करून ठेवणे हे म्हणूनच शहाणपणाचे. पूर्ण पिकलेले, डाग नसलेले टोमॅटो वाफवून साल व बिया गाळाव्यात. रस जाड बुडाच्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत ढवळत आटवावा. बिनकल्हईचे तांबे-पितळ आणि ॲल्युमिनियम टाळावे, कारण अम्ल रसाचा त्यांच्याशी संयोग होतो. बशीवर थेंब ठेवला असता भोवती पाण्याचे वलय सुटले नाही की पाक झाला असे समजावे. एक किलो टोमॅटोपासून दोनशे ग्रॅमहून कमीच पेस्ट मिळते. ती बर्फाच्या साच्यात गोठवून एकेक वडी वापरावी. म्हणजे राशीही आपोआप मोजली जाते. ही पेस्ट बाटलीत भरून शीतकपाटाबाहेर ठेवू नये.

औषधालय चालकांसाठी

लायकोपीनच्या कॅप्सूल अनेक औषधालयांत आयुर्वेदिक औषधांच्या शेजारी मांडलेल्या दिसतात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधातील घटक पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत आलेल्या कल्पांमधील असावे लागतात. लायकोपीनचे पूरक पदार्थ हे अन्न सुरक्षा कायद्याखालील २०१६ च्या नियमांत येतात. २०२२ च्या ‘आयुर्वेद आहार’ नियमावलीचा आधारही प्रमाणग्रंथच आहेत. म्हणून टोमॅटोच्या उत्पादनास ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकणे, किंवा कर्करोग बरा होतो असे सांगणे, हे शास्त्राच्या आणि कायद्याच्या दोन्ही दृष्टींनी अयोग्य होय. अशा मालासाठी वेगळी मांडणी ठेवावी आणि लेबलावरील घटक, मीठ, साखर व परिरक्षक ग्राहकास वाचून दाखवावे.

उपसंहार

सातारा तालुक्यातील देगाव येथे १ मार्च २०१८ रोजी राज्यातील पहिल्या मेगा फूड पार्कचे उद्घाटन झाले. प्रक्रिया केलेल्या अन्नाचा हा ओघ वाढतच जाणार. त्यास सरसकट विरोध करून किंवा सरसकट मान तुकवून आपले कर्तव्य पूर्ण होणार नाही. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक चिकित्सकाने आपल्या पथ्यपत्रकातील ‘टोमॅटो’ हा शब्द खोडून तेथे चार स्वतंत्र ओळी कराव्यात : ताजे फळ, सार, प्युरी-पेस्ट आणि केचप. प्रत्येक ओळीपुढे ‘वर्ज्य’ अथवा चमच्यांत मात्रा लिहावी. पूर्वाचार्यांनी उसाच्या बाबतीत जो सूक्ष्म विचार केला, तोच परक्या भूमीतून आलेल्या या फळाच्या बाबतीत आपण केला, तर अनुक्त द्रव्यही शास्त्राच्या कक्षेत येईल आणि रुग्णाचे हित साधेल.