महागडा खेळ की हातांची शाळा?

दहा-बारा फूट पंखविस्ताराचे, पंधरा-वीस किलो वजनाचे आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील नियंत्रकाच्या इशाऱ्यावर आकाशात गिरक्या घेणारे विमान पाहिले की सामान्य नोकरदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. एवढा पैसा हवेत उडवायचा कशाला? प्रश्न अप्रस्तुत नाही. जिथे अनेक शाळांना धड प्रयोगशाळा नाही, तिथे अशा छंदाला श्रीमंतांचे चोचले म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु सोपे उत्तर बहुधा अपुरे असते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये सुखवस्तू वर्गावरील आपल्या ग्रंथात ‘दिखाऊ उपभोगा’ची कल्पना मांडली. वस्तूच्या उपयोगासाठी नव्हे, तर ऐपत दाखविण्यासाठी केलेला खर्च, असा तिचा आशय. त्याच व्हेब्लेन यांनी १९१४ मध्ये दुसरा ग्रंथ लिहून माणसातील कारागिरीच्या उपजत प्रेरणेचे विवेचन केले. पहिल्या ग्रंथाचे दाखले पुष्कळ जण देतात. दुसऱ्याची आठवण थोड्यांनाच असते. रेडिओ-नियंत्रित मोठ्या विमानांचा छंद यांपैकी कोणत्या खात्यात टाकावा, हे ठरविण्यापूर्वी ती विमाने घडतात कशी, हे पाहिले पाहिजे.

आकाराचे गणित

अमेरिकेतील हौशी मंडळींच्या संकेतानुसार ज्याचा पंखविस्तार ८० इंच, किंवा एकावर एक असे दोन पंख असल्यास ६० इंच, ते विमान ‘मोठे’ मानले जाते. मूळ विमानाच्या निदान एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृतीही त्यातच मोडते. लहान विमान दुप्पट मोठे करणे म्हणजे केवळ दुप्पट काम, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, तर तशाच बांधणीत वजन मात्र आठपट होते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार येतो आणि तो पेलण्यासाठी विमानाला सुमारे १.४ पट वेगाने उडावे लागते. त्यामुळे बांधणाऱ्याला ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवावा लागतो. त्याचे फळ असे की मोठे विमान वाऱ्याला सहजासहजी दाद देत नाही आणि खऱ्या विमानासारखे संथ, डौलदार उडते.

या विमानांचे आवडते लाकूड बाल्सा. सागवानाच्या साधारण पाव वजनाचे हे लाकूड मुख्यत्वे इक्वेडोरमधून येते. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यातही तेच वापरतात. २०२० च्या सुमारास चीनमधील पवनऊर्जेसाठी मागणी वाढताच बाल्साची टंचाई होऊन भाव कडाडले. मागणी-पुरवठ्याचा धडा हौशी कारागिराला पुस्तकाविना मिळाला. इंजिनांची गोष्टही अशीच. झाडे कापण्याच्या आणि गवत छाटण्याच्या यंत्रांची छोटी पेट्रोल इंजिने विमानाला बसविण्याची युक्ती हौशी लोकांनीच काढली आणि मोठ्या विमानांचा खर्च आटोक्यात आणला. उधळ्या माणसाचे हे लक्षण नव्हे.

छंदातून उद्योग

रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवूडमधील इंग्रज नट. १९३० च्या दशकात त्याने छोट्या विमानांचे दुकान काढले. त्यातून ‘रेडिओप्लेन’ ही कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तोफखान्याच्या सरावासाठी हजारो चालकरहित लक्ष्य-विमाने तिने अमेरिकन सैन्याला पुरविली. पॉल मॅक्क्रेडी यांनी लहानपणी अशीच विमाने बांधली होती. १९७७ मध्ये त्यांच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’ या मानवी शक्तीवर उडणाऱ्या विमानाने ५०,००० पौंडांचे क्रेमर पारितोषिक मिळविले आणि १९७९ मध्ये त्यांच्याच ‘गॉसमर अल्बट्रॉस’ने इंग्लिश खाडी ओलांडली.

अर्थात, शंभरातील नव्याण्णव हौशी कोणताही शोध लावणार नाहीत. पण शंभरावा कोण, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून शंभरांनाही हात चालविण्याची संधी मिळाली पाहिजे. शिवाय उरलेल्या नव्याण्णवांना डिंक, कात्री, करवत आणि त्रिकोणमिती यांचे नाते कळले, तर तोही लाभच आहे. आपल्या परीक्षांतून ते कळत नाही.

सामायिक आकाशाची शिस्त

या छंदात धोका आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने येणारे वीस किलोचे विमान माणसाचा जीव घेऊ शकते. मात्र या धोक्याचे नियंत्रण हौशी मंडळांनी स्वतःच कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी दोन नियंत्रक एकाच ध्वनिलहरीवर नव्हे, तर एकाच रेडिओ-लहरीवर चालू झाले की विमान हमखास कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा असे. ज्याने आपल्या लहरीची चिमटी त्यावर लावली, त्यानेच नियंत्रक सुरू करायचा. नवे तंत्र आल्यावर या फळ्याची गरज बहुतांशी संपली, पण शिस्त टिकली. ब्रिटनमध्ये २५ किलोंहून जड विमानाची बांधणी चालू असतानाच अनुभवी निरीक्षक तपासणी करतात आणि मग चाचणी-उड्डाणे होतात. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो फळा हे त्यांच्या सिद्धांताचे सुबोध उदाहरण ठरावे.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोंपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या विमानांचा वेगळा वर्ग मान्य केला आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, तरी सुटे भाग मोकळे राहिले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात तर विमानांच्या प्रतिकृती बांधणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. म्हणजे धोरण प्रतिकूल नाही. अडचण जमिनीवर आहे. मुंबईसारख्या शहरात सुरक्षेपोटी पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात आणि त्यांत कॅमेऱ्याचा ड्रोन व हाताने बांधलेले विमान एकाच दोरीने बांधले जातात. सुरक्षेची चिंता रास्त आहे. पण तिचे उत्तर सरसकट मनाई हे नसून नेमलेली जागा हे आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्यात वस्तीपासून आणि विमानतळापासून दूर एक मैदान, रविवारचे ठरावीक तास, मंडळाची नोंदणी, उड्डाणापूर्वी तपासणी आणि विम्याची सक्ती. महाविद्यालयांनी सुटीच्या दिवशी कार्यशाळेचे कुलूप काढावे. दहा विद्यार्थ्यांनी मिळून एक विमान बांधावे, म्हणजे खर्चही विभागला जाईल. श्रीमंताच्या मुलाला तयार विमान विकत घेता येतेच. मैदान आणि कार्यशाळा यांची खरी गरज आहे ती कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या मुलाला. ती आपण पुरविली नाहीत, तर हा छंद श्रीमंतांचा आहे, ही आपलीच तक्रार आपण खरी करून दाखवू.