सातूचा दाणा आणि ज्ञानाची मालकी

संख्याशास्त्राच्या तासाला फळ्यावर ‘स्टुडंटची टी-कसोटी’ असे लिहिले, की हा कोणा विद्यार्थ्याचा शोध असावा अशी वर्गाची समजूत होते. वस्तुतः ‘स्टुडंट’ हे टोपणनाव. ते धारण करणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीस होता. बिअरसाठी कोणता सातू उत्तम हे ठरवावयाचे, तर प्रयोगाची शेते मोजकी आणि नमुने थोडे. थोड्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष काढण्याची रीत त्याने १९०८ साली प्रसिद्ध केली. पण नोकरांनी स्वतःच्या नावाने लिहू नये असा मालकांचा दंडक असल्यामुळे टोपणनावाने.

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथे हेतू नाही. परंतु या धंद्याने शास्त्राला काय दिले, हे सोवळेपणापायी नाकारण्यातही अर्थ नाही. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या गृहिणीला मॉल्ट म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. धान्य भिजवून मोड आणावयाचे व योग्य वेळी वाळवावयाचे. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, तीच पुढे पिष्टाची साखर करतात. दाण्यात प्रथिने वाढली, की पिष्टाचा वाटा घटतो आणि बिअर उत्पादकाच्या हाती अर्क कमी येतो. म्हणून त्याला साधारणतः नऊ ते साडेअकरा टक्के प्रथिनांचा सातू हवा असतो. शेतकऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे. उत्पन्न वाढावे म्हणून नत्रखताची मात्रा चढवावी, तर प्रथिनेही चढतात, आणि भरघोस आलेले पीक गुरांच्या खाद्याच्या भावाने विकण्याची पाळी येते.

ही प्रथिने मोजावयाची कशी? नत्र मोजण्याची रीत योहान केल्डाल याने १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधून काढली. आज दुधातली वा डाळीतली प्रथिने ठरविताना तिचाच आधार घेतला जातो. त्याच वर्षी तेथे हान्सेनने यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले. आम्लता दर्शविणारे पीएच हे परिमाणही तेथलेच, सोरेनसेनचे, १९०९ सालचे. १८७५ मध्ये ही प्रयोगशाळा स्थापन करणाऱ्या याकोबसेन या कारखानदाराने नियमच घालून दिला होता, की तात्त्विक वा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवावयाचा नाही. हान्सेनचे यीस्ट त्याने प्रतिस्पर्ध्यांनाही खुले केले. एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, अशी वस्तू म्हणजे ज्ञान. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य पुष्कळदा येते. स्वतःच्या पैशाने ते आचरणारा कारखानदार क्वचितच आढळतो.

म्हणूनच पुढची हकीकत मनाला लागते. बिअर साठवणीत शिळी लागू नये यासाठी, तो स्वाद उत्पन्न करणारे एक विकर ज्यात कार्यक्षम नाही, असा सातू कार्ल्सबर्ग आणि हायनेकेन यांनी मिळून सिद्ध केला. २०१६ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने त्यावर पेटंटे दिली. पेटंटांची व्याप्ती रोपापासून थेट तयार बिअरपर्यंत! दाण्यातला हा गुण उत्परिवर्तनाने आलेला आहे. असे फेरफार निसर्गातही घडतात, तेव्हा रोपावर मालकी कशी, असा आक्षेप काही संघटनांनी घेतला. २०१८ साली व्याप्ती किंचित आखडली, पेटंटे टिकली. संशोधनाला खर्च येतो आणि तो भरून निघाला पाहिजे, हे मान्य. पण केल्डाल व हान्सेन यांचे काम वाटून टाकूनही हा कारखाना बुडाला नव्हता, याचे काय?

आपल्याकडे पेटंट कायद्याचे तिसरे कलम वनस्पती आणि बियाणे यांवर पेटंट देऊ देत नाही. शिवाय २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे राजस्थान-हरियाणातील सातू उत्पादकाला निदान बियाण्यापुरते तरी संरक्षण आहे. माल घेऊन तो खरेदीदाराच्या दारी गेला, म्हणजे प्रथिनांचा आकडा कोणी आणि कोणत्या यंत्रावर मोजावयाचा, हा प्रश्न मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.