सुपारी सोलता सोलता वाचलेली कादंबरी

दुपारी सुपारी सोलायला बसलो की आमच्यातली एक जण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. या खेपेला आम्ही श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ वाचली. कादंबरी १९५२ सालची. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. म्हणजे माणसं आपल्यासारखीच, अंगणात सुपारी वाळत घालणारी. म्हणून ती ऐकताना कुणाला डुलकी लागली नाही!

बापू ब्राह्मणाच्या गरीब घरचा. त्याच्या जन्मावरून गाव कुजबुजतं, आणि ती कुजबुज घरातल्या माणसांना आतून पोखरते. राधा चहाच्या दुकानावरची, रावजीच्या घरात राहणारी. गावाच्या लेखी तिला किंमत नाही. अशा दोघांचं एकमेकांवर मन बसतं. लपवाछपवी न करता बापू तिला आपली म्हणतो. गाव तोंड फिरवतं. पुढे सुपारीच्या व्यापारात त्याच्या हाती पैसा येतो, तशी तीच माणसं त्याच्या दारी येऊ लागतात. इथे आमच्यातली एक आजी म्हणाली, “पैसा आला नसता तर?” सगळ्या गप्प. आम्हालाही हाच प्रश्न कादंबरीपेक्षा मोठा वाटला.

कारण आमच्याच वाडीतली एक मुलगी जातीबाहेर लग्न करून गेली. तिच्या आईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. कुणी हुकूम काढला नव्हता, पण आम्हीही तिच्याकडे जायचं टाळलं. घाबरलो होतो, दुसरं काय!

अशा वागण्याबद्दल आता कायदा आहे, हे कितीजणींना ठाऊक आहे? रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणं पुष्कळ गाजली. राज्याने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. जातपंचायतीने किंवा गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. आणि जातीबाहेर लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. राधा-बापूंच्या पुस्तकाच्या वेळी तो नव्हता.

आमच्यावर कुणी तक्रार केली नाही. पण पुस्तक संपलं त्या दिवशी दोघीजणी त्या आईकडे गेल्या. तिने चहा केला, विशेष काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अडकित्ता घेऊन आमच्यात येऊन बसली आणि म्हणाली, “पुढचं पुस्तक कुठलं?”

‘रथचक्र’ आणलंय. तेही पेंडसे यांचंच.