मेलेल्या जंतूंचं विष

नासलेलं दूध ओळखता येतं, असं आपण धरून चालतो. आंबूस वास येतो, तापवायला ठेवलं की फाटतं. पण ज्याला वास नाही, चवीत फरक नाही, जे गॅसवर नेहमीसारखं फुगून वर येतं, तेही दूध माणसाला दोन-तीन तासांत आडवं करू शकतं!

2000 सालच्या जूनअखेरीस जपानमधल्या ओसाका भागात हेच घडलं. स्नो ब्रँड या नामांकित कंपनीचं कमी स्निग्धांशाचं दूध पिऊन 13 हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. तेही कारखान्यात कडक तापवून निर्जंतुक केलेलं दूध! मग जंतू आले कुठून?

तपास पोचला थेट उत्तरेला, होक्काइडोत. या दुधात वापरलेली पावडर बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात 31 मार्चला छतावरून बर्फाचा सुळका कोसळला आणि सुमारे तीन तास वीज गेली. यंत्रात अडकलेलं दूध कोमट राहिलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला आणखी काय हवं? तो भराभर वाढला आणि वाढता वाढता दुधात विष सोडत गेला. पुढच्या उष्णतेत जंतू मेले. पावडर तपासली तेव्हा त्यात एकही जिवंत स्टॅफिलोकोकस सापडला नाही.

विष मात्र होतं. हे विष म्हणजे एक प्रथिन. प्रथिनांची घडी उष्णतेनं मोडते, अंडं उकडल्यावर घट्ट होतं ते त्यामुळेच. पण या प्रथिनाची घडी इतकी चिवट, की 130 अंश सेल्सिअसला काही सेकंद तापूनही ते शाबूत राहिलं. पोटातले पाचकरससुद्धा त्याला सहज मोडू शकत नाहीत. आणि मात्रा किती? संशोधकांच्या अंदाजानुसार माणशी जास्तीत जास्त 100 नॅनोग्रॅम! साखरेच्या एका दाण्याचे काही हजार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याएवढं.

एवढ्याशा विषानं उलटी होते तरी कशी? ते आतड्यातल्या मज्जातंतूंना छेडतं, तिथून मेंदूतल्या वांतिकेंद्राला निरोप जातो, आणि शरीर पोट रिकामं करायला लागतं. म्हणूनच लक्षणं इतकी झटपट दिसतात: एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात कळा, मग जुलाब. ताप बहुधा नसतोच. साल्मोनेलासारख्या जंतूंना आधी आतड्यात शिरून वाढावं लागतं, त्यामुळे त्यांचा त्रास सहसा सहा तासांनंतर, कधी दोन-तीन दिवसांनीही सुरू होतो आणि सोबत ताप आणतो. इथे विष आधीच तयार असतं. म्हणजे दूध प्यायल्यापासून किती वेळानं उलटी झाली, एवढ्यावरूनही डॉक्टरांना गुन्हेगाराचा माग लागतो!

दुधातल्या या विषाचा एक जुना धागा 1914 मध्ये फिलिपिन्समध्ये सापडला. बार्बर नावाच्या संशोधकानं एका निरोगी दिसणाऱ्या गायीचं दूध स्वतः पिऊन पाहिलं. ताजं दूध प्यायल्यावर काही झालं नाही. तेच दूध बाहेर ठेवून मग प्यायल्यावर मात्र तो आजारी पडला.

तेव्हा तापवलेलं दूध निवलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. तासन्‌तास बाहेर राहिलेलं दूध पुन्हा उकळून वाचवायला जाऊ नका. त्रास झालाच तर थोडं थोडं ओआरएस पाजत राहा, बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. पण पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, जोराचा ताप किंवा शौचातून रक्त असेल, किंवा आजारी पडलेलं तान्हं बाळ, गरोदर बाई वा म्हातारं माणूस असेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.