बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि डिस्करचना

रत्नागिरीकडील बोलींचा अभ्यास नवा नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) संगमेश्वरी, चित्पावनी व कुडाळी यांची दखल घेतलेली आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांचा कुडाळीवरील ग्रंथ १९६५ साली निघाला तेव्हा कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. त्या पिढीचे मुख्य साधन कागदावरील लिप्यंकन हे होते. आज ध्वनिमुद्रणाला तितकेच महत्त्व आले असून, ते ठेवावयाच्या सर्व्हरची आखणी हा अभ्यासपद्धतीचाच भाग होऊन बसला आहे.

प्रथम आकारमान पाहू. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट व दोन मार्गिका, या मापाने तासाभराच्या मुद्रणास सुमारे १.०४ गिगाबाइट लागतात. ५०० तासांस सुमारे ५२० गिगाबाइट. लिप्यंकनांचा भार याच्या पासंगालाही पुरत नाही. मात्र फाइलींची संख्या वाढते ती त्यांच्यामुळेच. चार किलोबाइटांच्या खंडांत विभागलेल्या डिस्कवर चाळीस अक्षरांची टीपही एक पूर्ण खंड अडवते. शिवाय ‘एक्स्ट-४’ या फाइलप्रणालीत प्रत्येक फाइलीस एक आयनोड लागतो आणि आयनोडांचे प्रमाण डिस्क आखतानाच ठरून जाते. ते संपले की जागा शिल्लक असूनही नवी फाइल निर्माण होत नाही. म्हणून ध्वनी व लिप्यंकने यांचे विभाग निरनिराळे आखणे श्रेयस्कर. कार्यप्रणाली वेगळ्या डिस्कवर असावी, हे सांगावयास नकोच.

चार टेराबाइटांच्या सहा डिस्क घेऊन त्यांपैकी दोहोंइतकी जागा समतामाहितीस दिली, तर १६ टेराबाइट हाती उरतात आणि कोणत्याही दोन डिस्क बिघडल्या तरी संग्रह शाबूत राहतो. परंतु या योजनेस प्रत समजणे ही घोडचूक होय. चुकून पुसलेली फाइल सहाही डिस्कांवरून एकदमच जाते. आणि पाणी डिस्का मोजून शिरत नाही! जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची हानी झाली, हे उदाहरण जिल्ह्यातीलच आहे. दुसरी प्रत घाटावर असणे अवश्य.

प्रत दुसऱ्या यंत्रावर नेताना मात्र एक खास मराठी अडचण उभी राहते. फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. काना, मात्रा, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. ‘संगमेश्वरी’ या एका शब्दास तीस बाइट पडतात. त्याहून घातक प्रकार ‘खोऱ्यातील’ या शब्दाचा. त्यातील ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही, पण ‘एक्स्ट-४’च्या सामान्य मांडणीत ही दोन भिन्न नावे ठरतात. एकाच मुद्रणाच्या दोन फाइली शेजारीशेजारी नांदू लागतात. दुरुस्ती एकीत होते, उद्धृत होते दुसरी. यास्तव फाइलीस केवळ गावाचा संकेतांक, दिनांक व अनुक्रम द्यावा, आणि बोलीचे व गावाचे देवनागरी नाव नोंदवहीच्या फाइलीत एकाच प्रमाणरूपात लिहावे.