बोंबील फ्राय

बोंबील फ्राय किंवा तळलेले बोंबील हा मुंबई, पालघर, ठाणे व रायगड या जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर विशेष प्रचलित असलेला माशाचा पदार्थ आहे. ताज्या (ओल्या) बोंबलाला मसाला लावून, रवा व तांदळाच्या पिठात घोळवून तो तव्यावर बेताच्या तेलात तळतात. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा मऊ, अशी त्याची ख्याती आहे. बोंबलाच्या मांसात पाण्याचे प्रमाण फार असल्यामुळे हे दोन्ही गुण एकाच वेळी साधणे हेच या पाककृतीतील खरे कौशल्य होय.

मासा व त्याचे नाव

बोंबलाचे शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस असे आहे. महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर तो प्रामुख्याने डोल जाळ्यांनी पकडला जातो. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात. सुके बोंबील टपालगाडीने, म्हणजे 'डाक'ने, जात असत म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. परंतु मुंबईची पहिली रेल्वे १८५३ साली धावली आणि हे नाव त्यापूर्वीच्या इंग्रजी लेखनात आढळते. कथा रंजक आहे, इतकेच म्हणता येते.

पाणी काढणे

डोके, पर, शेपटी व पोटातील घाण काढून बोंबील पोटाच्या बाजूने उभा चिरतात आणि पुस्तकासारखा उघडतात. मधला काटा सुरीच्या टोकाने अलगद सोडवता येतो. त्यानंतर मीठ चोळून मासा सुमारे पंधरा मिनिटे ठेवतात. मिठामुळे मांसातील पाणी बाहेर ओढले जाते. मग स्वच्छ सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये बोंबील ओळीने मांडून त्यांवर जड वजन ठेवतात. पूर्वी यासाठी पाटा वापरत. आता फळीवर पाण्याने भरलेले पातेले ठेवले तरी चालते. अर्ध्या ते एक तासात कापड चिंब होते आणि मासा चपटा व घट्ट होतो.

घाईत हीच पायरी गाळली जाते आणि पदार्थ तेथेच बिघडतो. तळणीचे तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते, पण पाणी १०० अंशांनाच उकळते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तेलाची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. आवरण खरपूस होत नाही आणि आतून येणारी वाफ त्याला सैल करते. मग कितीही रवा लावला तरी उपयोग होत नाही.

विलायती 'फिश अँड चिप्स'मध्ये कॉड किंवा हॅडकसारखा घट्ट मांसाचा मासा मैद्याच्या पातळ पिठात बुडवून भरपूर तेलात तळतात. तीच रीत बोंबलाला लावल्यास पिठातील पाण्याची आणखी भर पडते. म्हणून येथे कोरडे आवरणच योग्य ठरते.

मसाला व आवरण

सहा मध्यम बोंबलांना हळद, लाल तिखट, आले-लसणाचे वाटण आणि थोडे कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस पुरतो. मीठ आधीच लागलेले असल्याने पुन्हा चव पाहूनच घालावे. वाटण घट्ट असावे. आवरणासाठी अर्धी वाटी बारीक रवा व पाव वाटी तांदळाचे पीठ एकत्र करतात. तांदळात ग्लूटेन नसल्यामुळे आवरण चिवट होत नाही. रव्यामुळे त्याला दाणेदारपणा येतो. काही घरी नुसते तांदळाचे पीठ वापरतात. घोळवलेला मासा लगेच तळावा, अन्यथा रवा ओल शोषून लगदा होतो.

तळणे

तवा चांगला तापवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे तळतात. एका वेळी दोन-तीनच बोंबील सोडावेत. गर्दी केल्यास तेल थंड होते. खालची बाजू तांबूस होऊन सुटेपर्यंत उलथणे लावू नये, कारण हा मासा चटकन मोडतो. झाकण ठेवू नये. तळलेले बोंबील जाळीवर काढतात. ताटात एकावर एक रचल्यास वाफेने खालचे मऊ पडतात. आमटी-भात किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर ते तव्यावरून थेट पानात वाढतात.